चित्रपटाचे वाचनालय : फिल्म सोसायटी चळवळीचा इतिहास

१/ ५ ऑक्टोबर १९४७. देश स्वतंत्र होऊन दोन महिनेही झाले नव्हते. फाळणीच्या जखमा ओल्या असलेल्या कोलकात्यात काही तरुण एकत्र आले आणि त्यांनी ‘कलकत्ता फिल्म सोसायटी’ स्थापन केली. त्यांत चिदानंद दासगुप्ता होते आणि एका जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून नोकरी करणारे २६ वर्षांचे सत्यजित राय होते. सोसायटीने सर्वप्रथम दाखवलेला चित्रपट होता सर्गेई आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’. तो मूकपट होता, रशियन होता आणि २२ वर्षांपूर्वीचा होता. अशा काळात, अशा शहरात, हा जुना परदेशी मूकपट पाहण्याची निकड या मंडळींना का वाटली असावी? आजचा थ्रेड या प्रश्नाविषयी आहे.

२/ हा प्रश्न समजून घ्यायचा तर आपल्या आजच्या सवयी क्षणभर बाजूला ठेवाव्या लागतील. १९४७ मध्ये पुस्तक पुन्हा वाचता येत होते. ते ग्रंथालयात मिळे, मित्राकडून उसने आणता येई, रद्दीच्या दुकानातही सापडे. चित्रपटाचे तसे नव्हते. चित्रगृहातून तो उतरला की प्रेक्षकाच्या दृष्टीने संपला. दूरचित्रवाणी आपल्याकडे आली ती १९५९ मध्ये, तीही दिल्लीत आणि प्रायोगिक स्वरूपात. मुंबईकरांना त्यासाठी १९७२ पर्यंत थांबावे लागले. साहित्याच्या विद्यार्थ्याला कालिदास वाचता येत होता. पण चित्रपटाच्या विद्यार्थ्याला दहा वर्षांपूर्वीचा चित्रपटही पाहता येत नव्हता.

३/ याचे परिणाम केवळ प्रेक्षकांपुरते नव्हते. ज्याला पुन्हा कोणी विचारत नाही, ते जपण्याचे कष्टही कोणी घेत नाही. भारतात तेराशेहून अधिक मूकपट तयार झाले. त्यांतले आज मोजकेच, आणि तेही बहुतांशी तुकड्यांच्या रूपात, शिल्लक आहेत. १९३१ चा आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ याची एकही प्रत उपलब्ध नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही होती. ती आगीत गेली, दमट हवेत सडली आणि कित्येकदा तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठी जाणूनबुजून नष्ट केली गेली. निर्मात्याला जुन्या चित्रपटापेक्षा त्यातल्या चांदीचे मोल अधिक वाटत होते.

४/ चित्रपट हा पुस्तकासारखा पुन्हा पाहण्याचा, चर्चा करण्याचा विषय आहे, हा विचार प्रथम युरोपात रुजला. फ्रान्समध्ये लुई देल्युक या समीक्षकाने १९२० च्या सुमारास ‘सिने-क्लब’ हा शब्द रूढ केला. लंडनमध्ये १९२५ साली आयव्हर माँटेग्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फिल्म सोसायटी’ स्थापन केली. जॉर्ज बर्नार्ड शॉ, एच. जी. वेल्स, अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स अशी मंडळी तिच्या पाठीशी होती. नाटकाच्या आणि साहित्याच्या तोलाने चित्रपटाचाही गंभीर विचार करावा, ही भूमिका इंग्लंडच्या विचारवंतांनी जाहीरपणे घेतली, हे त्या काळात नवे होते.

५/ या संस्थेचे सर्वांत मोठे सामर्थ्य तिच्या घटनेत होते. ती तिकीट विकणारी चित्रगृह-कंपनी नव्हती. वर्गणी भरणाऱ्या सभासदांची खासगी मंडळी होती. ‘पोटेमकिन’च्या सार्वजनिक प्रदर्शनाला ब्रिटिश सेन्सॉरने १९२६ मध्ये नकार दिला होता. फिल्म सोसायटीने तोच चित्रपट १० नोव्हेंबर १९२९ रोजी आपल्या सभासदांना दाखवला. त्याच कार्यक्रमात जॉन ग्रिअर्सनचा ‘ड्रिफ्टर्स’ हा माहितीपटही दाखवण्यात आला. ब्रिटिश माहितीपटाच्या परंपरेचा आरंभ ज्या चित्रपटापासून मानतात तो हाच. बंदी घातलेला एक चित्रपट आणि नव्या परंपरेचा पहिला चित्रपट एकाच दिवशी, एकाच प्रेक्षकवर्गासमोर आले.

६/ चित्रपट चित्रगृहाबाहेर नेण्यात आणखी एका गोष्टीचा वाटा होता, आणि ती अगदी भौतिक होती. ३५ मि.मी.ची नायट्रेट फिल्म दाखवायची तर प्रक्षेपणासाठी अग्निरोधक खोली लागे. कोडॅक कंपनीने १९२३ मध्ये १६ मि.मी.ची फिल्म बाजारात आणली. ती सहज पेट न घेणाऱ्या, ‘सेफ्टी’ प्रकारच्या पट्टीवर असे. तिचा प्रोजेक्टर एका माणसाला उचलता येई आणि साध्या टेबलावर ठेवता येई. त्यामुळे शाळेचा वर्ग, ग्रंथालयाचे दालन, संस्थेचे सभागृह, एखाद्या घराचा दिवाणखाना, सगळीकडे चित्रपट दाखवणे शक्य झाले. फिल्म सोसायटी चळवळ जगभर पसरली ती या छोट्या पट्टीच्या आधारावर.

७/ भारतात मुंबईमध्ये १९४० च्या दशकाच्या आरंभीच अशा मंडळाची सुरुवात झाली होती. पण चळवळीला वैचारिक धार आली ती कोलकात्यात. तिथल्या तरुणांची तक्रार स्पष्ट होती : आपल्याकडे चित्रपट पुष्कळ निघतात, पण चित्रपटाची स्वतःची भाषा कुणाला उमगलेली नाही, छायाचित्रित नाटक आणि गाणी यांच्या पलीकडे आपण गेलेलो नाही. राय यांनी १९४८ मध्ये ‘स्टेट्समन’ या दैनिकात भारतीय चित्रपटांचे काय चुकते आहे, याविषयी लेख लिहिला. तेव्हा त्यांच्या नावावर एकही चित्रपट नव्हता. त्यांच्याकडे होती ती केवळ पाहण्याची आणि पाहिलेल्याविषयी बोलण्याची सवय.

८/ १९४९ मध्ये थोर फ्रेंच दिग्दर्शक झाँ रेन्वार ‘द रिव्हर’ या आपल्या चित्रपटासाठी जागा शोधायला कोलकात्यात आले. राय त्यांना भेटले आणि शहराबाहेरच्या परिसरात त्यांच्याबरोबर हिंडले. पुढे या चित्रपटाच्या चित्रीकरणात सोसायटीचेच हरिसाधन दासगुप्ता साहाय्यक होते, बन्सी चंद्रगुप्त कलाविभागात काम करत होते आणि सुब्रत मित्र नावाचा एक तरुण रोज येऊन कॅमेऱ्याचे काम न्याहाळत असे. १९५० मध्ये नोकरीनिमित्त लंडनला गेलेल्या राय यांनी तिथे ‘बायसिकल थीव्ज’ पाहिला. स्टुडिओ आणि प्रसिद्ध नट यांच्याशिवाय चित्रपट होऊ शकतो, ही खात्री त्यांना तिथे पटली.

९/ १९५५ मध्ये ‘पथेर पांचाली’ आला. दिग्दर्शन सत्यजित राय, कलादिग्दर्शन बन्सी चंद्रगुप्त, छायाचित्रण सुब्रत मित्र. मित्र यांनी त्याआधी चित्रपटासाठी कॅमेरा चालवलेला नव्हता. या चित्रपटाची कथा सांगताना पैशांची चणचण, राय यांच्या पत्नीचे गहाण पडलेले दागिने, पश्चिम बंगाल सरकारची मदत, हे सारे नेहमी सांगितले जाते. पण आठ वर्षांपूर्वी उसन्या प्रतींवर चालणारी ती सोसायटी नसती, तर ही माणसे एकमेकांना कुठे भेटली असती आणि कशावर भांडली असती? प्रत्येक फिल्म सोसायटीतून एक राय निघत नाही, हे खरेच. पण राय जिथून निघाले, ती जागा ही होती.

१०/ दरम्यान २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. पुढे तो दिल्ली, मद्रास आणि कोलकाता इथेही गेला. भारतीय चित्रपटांमध्ये व्ही. शांताराम यांचा ‘अमर भूपाळी’ होता. परदेशी चित्रपटांमध्ये ‘बायसिकल थीव्ज’ होता. तो पाहून बिमल रॉय प्रभावित झाले आणि १९५३ मध्ये ‘दो बिघा जमीन’ आला. मात्र महोत्सव काही दिवसांत संपतो. त्याने लागलेली भूक वर्षभर भागवायची तर गावोगावी कायमची मंडळे हवी होती.

११/ १९५९ मध्ये देशातल्या मोजक्या मंडळांनी मिळून ‘फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया’ ही मध्यवर्ती संस्था स्थापन केली. सत्यजित राय अध्यक्ष झाले. संयुक्त चिटणीस म्हणून चिदानंद दासगुप्ता यांच्याबरोबर एक मराठी नाव होते : विजया मुळे. १९२१ साली मुंबईत जन्मलेल्या विजयाबाई लग्नानंतर पाटण्याला गेल्या. तिथल्या आणि नंतर दिल्लीच्या फिल्म सोसायटीच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ चा अनुबोधपट दूरदर्शनवर पाहिलेल्या पिढीला त्यांचे काम ठाऊक आहे, नाव मात्र क्वचितच. फेडरेशनच्या उपाध्यक्षपदी काही काळ इंदिरा गांधीही होत्या.

१२/ मंडळे झाली, सभासद झाले. पण दाखवायचे काय? परदेशी चित्रपट विकत घेण्याइतका पैसा कुणाकडेच नव्हता. मग परदेशी वकिलाती कामी आल्या. सोव्हिएत रशिया, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, फ्रान्स, जर्मनी यांना आपल्या संस्कृतीचा प्रसार हवा होता आणि मंडळांना चित्रपट हवे होते. शीतयुद्धाच्या राजकारणातून भारतीय प्रेक्षकाला असा अनपेक्षित लाभ झाला. अशा खासगी खेळांना सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट मिळवणे, हे फेडरेशनचे एक मोठे काम होते. ही सूट नसती तर प्रत्येक उसन्या प्रतीसाठी वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागले असते आणि चळवळ कागदपत्रांतच अडकली असती.

१३/ फेब्रुवारी १९६४ मध्ये पुण्यात ‘राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय’ स्थापन झाले. फिल्म इन्स्टिट्यूट पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, १९६० मध्येच आली होती. १९६५ पासून संग्रहालयाचे काम पाहणारे पी. के. नायर यांनी आयुष्याची पंचवीसहून अधिक वर्षे चित्रपटांची रिळे शोधण्यात आणि जपण्यात घालवली. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालिया मर्दन’ यांचे जे काही आज आपण पाहू शकतो, त्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना जाते.

१४/ नायर यांच्या कामाचा एक भाग मात्र कमी सांगितला जातो. त्यांनी संग्रहालयाचे रूपांतर केवळ कोठारात होऊ दिले नाही. अभिजात चित्रपटांच्या १६ मि.मी. प्रती तयार ठेवून त्या फिल्म सोसायट्यांना आणि शिक्षणसंस्थांना देण्याची व्यवस्था तिथे होती. ग्रंथपालाने पुस्तक द्यावे, वाचकाने ते वाचून परत करावे, मग ते पुढच्याकडे जावे, अशी. जपणूक आणि प्रसार या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत, हे यामागचे तत्त्व होते. जे लोकांनी पाहिलेले असते, त्याच्या जपणुकीसाठी लोक आग्रह धरतात.

१५/ एका संध्याकाळची कल्पना करा. पत्र्याच्या पेटीतून रिळे आली आहेत. भिंतीवर पांढरा पडदा, मागे खडखडणारा प्रोजेक्टर. १६ मि.मी.चे सोळाशे फुटांचे रीळ साधारण ४४ मिनिटे चालते. म्हणजे ९० मिनिटांच्या चित्रपटात निदान एकदा तरी रीळ बदलावे लागणार. प्रोजेक्टर एकच असेल तर तेवढ्यापुरते दिवे लागतात, कुजबुज सुरू होते. शेवटी कुणीतरी उठून चार शब्द बोलतो, दुसरा त्याला हरकत घेतो आणि चर्चा पायऱ्यांवर, तिथून चहाच्या टपरीपर्यंत जाते. प्रत परत पाठवायची असते, म्हणून डोळ्यांत साठवून घेण्याखेरीज गत्यंतर नसते.

१६/ ही चर्चा नुसत्या गप्पांवर राहू नये, यासाठी काही माणसांनी आयुष्य वेचले. आयझेनस्टाइनच्या चरित्रकार मारी सीटन १९५० च्या दशकात भारतात आल्या आणि ठिकठिकाणी व्याख्याने देत चित्रपट कसा पाहावा हे शिकवत हिंडल्या. पुढे त्यांनी सत्यजित राय यांचेही चरित्र लिहिले. आग्र्याला प्राध्यापक असलेले सतीश बहादूर तिथली फिल्म सोसायटी चालवत. पुढे ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आले. ‘पथेर पांचाली’तले एकेक दृश्य थांबवून, पुन्हा दाखवून, त्याची बांधणी उलगडणारे त्यांचे वर्ग अनेकांना आयुष्यभर पुरले. इन्स्टिट्यूट आणि संग्रहालय यांच्या उन्हाळी अभ्यासक्रमातून देशभरचे शिक्षक, पत्रकार, मंडळांचे कार्यकर्ते तयार झाले.

१७/ मराठीने या शिक्षणाला फार अर्थपूर्ण नाव दिले : ‘रसास्वाद’. संस्कृत काव्यशास्त्रातला हा शब्द चित्रपटाला लावताना आपण नकळत एक विधान केले, की चित्रपटही काव्यासारखा आस्वादाचा विषय आहे आणि त्यासाठी प्रेक्षकालाही ‘सहृदय’ व्हावे लागते. महाराष्ट्रात या विचाराला जमीन तयार होती. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला तर १८७५ ची. ऐकून घेणे, शंका विचारणे, जाहीरपणे मतभेद व्यक्त करणे, यांची सवय या संस्थांनी लावली होती. १९६८ मध्ये मुंबईत ‘प्रभात चित्र मंडळ’ स्थापन झाले. सुधीर नांदगावकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ही चळवळ मराठी मध्यमवर्गापर्यंत नेली आणि मंडळाच्या ‘वास्तव रूपवाणी’ने मराठीत गंभीर चित्रपट-लेखनाला हक्काची जागा दिली.

१८/ इतिहास सांगताना उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ही चळवळ बराच काळ शहरी, सुशिक्षित आणि इंग्रजी उपशीर्षके वाचू शकणाऱ्यांची राहिली. सेन्सॉरची कात्री न लागलेले परदेशी चित्रपट पाहायला मिळतात, एवढ्याच कारणासाठी सभासद होणारेही पुष्कळ होते. तशा दृश्यांचा चित्रपट असला की सभागृह भरे आणि पुढच्या आठवड्यात ओस पडे, ही कार्यकर्त्यांची नेहमीची तक्रार. लोकप्रिय हिंदी-मराठी चित्रपटांकडे तुच्छतेने पाहण्याची खोडही होती. ‘अभिजात’ म्हणजे काय हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न अनेक वर्षे नीट विचारलाच गेला नाही.

१९/ या आक्षेपांना कृतीने उत्तर दिले ते कर्नाटकातल्या एका खेड्याने. शिवमोग्गा जिल्ह्यातले हेग्गोडू हे सुपारीच्या बागांचे गाव. तिथे १९४९ मध्ये ‘नीनासम’ ही नाट्यसंस्था स्थापन झाली. स्वतः सुपारीची शेती करणारे के. व्ही. सुब्बण्णा हे तिचे प्रेरणास्थान. १९७० च्या दशकात नीनासमने फिल्म सोसायटी सुरू केली. राय, कुरोसावा यांचे चित्रपट गावकऱ्यांना दाखवले गेले, रसास्वाद शिबिरे झाली. सतीश बहादूर आणि पी. के. नायर यांचे या कामाला साहाय्य होते. अभिजात चित्रपट खेड्यातल्या माणसाला कळणार नाही, हे शहराने परस्पर ठरवून टाकले होते. हेग्गोडूने त्याला विचारून पाहिले.

२०/ २०१२ मध्ये शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी नायर यांच्यावर ‘सेल्युलॉइड मॅन’ हा माहितीपट केला. त्यात हेग्गोडूचे ग्रामस्थ अनेक वर्षांपूर्वी पाहिलेल्या चित्रपटांविषयी बोलतात. ते आपल्या शेतीविषयी बोलावे तितक्या सहजपणे बोलतात. परकी भाषा, परका देश, परके हवामान यांतून त्यांच्यापर्यंत माणूस बरोबर पोहोचला होता. सुब्बण्णा यांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण या कामाचे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र मला त्या ग्रामस्थांचे बोलणेच वाटते.

२१/ केरळची कथा ग्रंथालयांशी अधिक जवळून जोडलेली आहे. पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ मध्ये ४७ ग्रंथालयांना एकत्र आणून ग्रंथशाला संघाची स्थापना केली आणि गावोगावी वाचनालय हे सार्वजनिक जीवनाचे केंद्र बनले. १९६५ मध्ये अडूर गोपालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिरुवनंतपुरमला ‘चित्रलेखा’ फिल्म सोसायटी काढली आणि मग छोट्या गावांतही अशी मंडळे उभी राहिली. वाचून वाद घालणाऱ्या समाजाला पाहून वाद घालणे अवघड गेले नाही. पुढे जॉन अब्राहम आणि त्यांच्या ‘ओडेसा’ गटाने गावोगाव हिंडून लोकवर्गणी गोळा केली आणि १९८६ मध्ये ‘अम्म अरियान’ हा चित्रपट पूर्ण केला. गटाचे नाव ‘पोटेमकिन’मधल्या शहराची आठवण करून देणारे आहे. पाहणाऱ्यांनीच आता चित्रपटाचा खर्च उचलला होता.

२२/ १९८० च्या दशकात रंगीत दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ आले, नंतर डीव्हीडी, मग इंटरनेट. जे चित्रपट पाहण्यासाठी आधीच्या पिढीने वर्षानुवर्षे वाट पाहिली, ते खिशातल्या फोनवर आले. अनेक सोसायट्या बंद पडल्या. दुर्मीळ चित्रपट मिळवून देणे एवढेच ज्यांचे काम होते, त्यांची गरज खरोखरच संपली. ज्यांनी चर्चेची सवय लावली होती, त्या मंडळांतल्या काही टिकल्या. तंत्रज्ञानाने प्रत घरी आणून दिली. शेजारच्या खुर्चीवर बसलेला, आपल्याशी असहमत असलेला माणूस त्याला आणून देता आला नाही.

२३/ म्हणूनच गावातल्या वाचनालयात महिन्यातून एकदा जुना चित्रपट दाखवून त्यावर तासभर बोलणे, हा केवळ स्मरणरंजनाचा उद्योग नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमामुळे महाराष्ट्रात ग्रंथालयांचे मोठे जाळे उभे आहे. एक पांढरी भिंत, एक प्रोजेक्टर आणि चर्चा सांभाळणारी एक व्यक्ती, एवढ्यावर आरंभ होतो. कायद्याची बाजू मात्र पाहावी : आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे असतो. त्या मुदतीतल्या चित्रपटासाठी परवानगी घ्यावी. तिकीट लावले नाही म्हणून ती टळत नाही. फाळक्यांचे मूकपट त्या मुदतीच्या केव्हाच बाहेर आहेत. आपल्या मातीतून आरंभ करायला हरकत नाही.

२४/ १९४७ च्या त्या तरुणांपुढे चित्रपट मिळत नाही, ही अडचण होती. आपल्यापुढे तो इतका मिळतो की पाहिल्यावर त्याच्याजवळ थांबायला कोणी नाही, ही अडचण आहे. पण दोन्ही अडचणींवरचा उपाय एकच दिसतो : ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी एकत्र बसणे, शेवटपर्यंत पाहणे आणि दिवे लागल्यावर लगेच न उठणे. तुमच्या गावात, महाविद्यालयात किंवा वाचनालयात असे मंडळ कधी होते का? असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, काय आठवते ते लिहून ठेवा आणि इथे जरूर सांगा. या चळवळीचा बराचसा इतिहास अजून कागदावर आलेला नाही; तो प्रेक्षकांच्या आठवणीतच आहे.